गिऱ्हाइकाची तोंडी परीक्षा

लालबाग-परळकडच्या मटणाच्या दुकानात गिऱ्हाईक काही मागत नाही. ते उत्तरं देतं. प्रश्न विचारायचा हक्क ज्याच्या हातात सत्तूर आहे त्याचा. पहिला प्रश्न सोपा असतो: "किती?" दुसऱ्याला नवखा माणूस अडखळतो: "काय करणार?" अशा वेळी "मटण" असं उत्तर तोंडातून निसटतं आणि रांगेत मागे कुणीतरी खाकरतं. मटण तर करणारच, त्याची कोशिंबीर थोडीच होणार आहे. रस्सा की सुकं, बिर्याणी की खिमा, घरात दाताची माणसं किती आणि कवळीची किती, एवढं सगळं त्या दोन शब्दांत विचारलेलं असतं. रस्सा म्हटलं तर सीना आणि गर्दन, हाडासकट, कारण रश्श्याची चव हाडात असते. सुकं म्हटलं तर मांडी किंवा खांदा. बिर्याणीला मोठे तुकडे, कारण पाहुण्याला ताटात मटण दिसलं पाहिजे. बाळंतिणीला किंवा तापातून उठलेल्याला पाया. आणि बरोबर लहान मूल असेल तर वजन झाल्यावर, न मागता, कलेजीचा एक तुकडा वरून.

सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे "चांगलं द्या." आमच्या दुकानातल्या मामांना हे वाक्य अजिबात खपत नाही. त्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. तीन पिढ्या त्यांना मामाच म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. कुणी "जरा चांगलं द्या हं" म्हणालं की मामा सत्तूर ओंडक्यात रोवतात, हात पुसतात आणि शांतपणे विचारतात, "म्हणजे बाकीच्यांना कसलं देतो मी?" मग त्या माणसाला मटण चांगलंच मिळतं, पण त्याआधी त्याला रांगेची माफी मागितल्यासारखं हसावं लागतं.

मध्यमवर्गीय मराठी घरात भाजी बाई आणते, मासे दोघांपैकी कुणीही आणतं, पण रविवारचं मटण पुरुषाने आणायचं असा एक अलिखित नियम आहे. आठवडाभर ज्याला घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळतो, तो गृहस्थ रविवारी सकाळी आठ वाजता आंघोळ न करता, जुना शर्ट चढवून, हातात कापडी पिशवी घेऊन रांगेत उभा असतो. पूर्वी ही पिशवी नसायची. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मिळे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ती काळी, आणि काळी पिशवी मटणाचीच असते हे सगळ्या चाळीला ठाऊक. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मामा म्हणाले, "बरं झालं. आता डबा आणा. डबा आणला की माणूस किती नेणार ते आधीच कळतं." आमच्याकडे त्यासाठी स्टीलचा एक कडीचा डबा आहे. त्यात दुसरं काही ठेवायला आईची सक्त मनाई.

दुकान असं काही मोठं नाही. एक पोटमाळा, पांढऱ्या टाइल्स, आकड्यांना टांगलेले दोन-तीन बकरे आणि त्यांच्या अंगावर महापालिकेचा शिक्का. हा शिक्का देवनारचा. तिथला कत्तलखाना 1971 साली सुरू झाला, त्याआधी तो वांद्र्याला होता. मामांचे वडील वांद्र्याहून माल आणत असत, आणि अंतर वाढलं याबद्दलची त्यांची तक्रार मामा वारसाहक्काने अजून चालवतात. पण दुकानातली खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ओंडका. चिंचेच्या लाकडाचा. खाटीक चिंचच घेतात, कारण तिचं लाकूड चिवट, त्याच्या ढलप्या उडत नाहीत आणि मटणात भुसा येत नाही. इतक्या वर्षांच्या घावांनी तो मधोमध खोलगट झालाय. मामा हाडावर घाव घालताना ओंडक्याकडे बघत नाहीत, गिऱ्हाइकाकडे बघतात. दोन बोटांच्या अंतरावर सत्तूर पडत असतो आणि ते विचारत असतात, "मुलीचं ठरलं का?" आपण त्यांच्या बोटांकडे बघत "हो, नाही, बघतोय" असं काहीतरी बोलतो. स्थळांच्या बाबतीत खरी माहिती काढून घेण्याची ही पद्धत वकिलांनीही शिकावी.

भिंतीवर कालनिर्णय. 1973 साली जयंतराव साळगावकरांनी ते काढलं तेव्हा त्याचा इतका बारकाईने अभ्यास खाटकाच्या दुकानात होईल असं त्यांना वाटलं असेल की नाही कोण जाणे. पण मामांचा धंदाच तिथीवर. संकष्टी रविवारी आली की अर्धी रांग गायब. एकादशीला पाव. नवरात्रात शुकशुकाट, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा झुंबड. आषाढातली अवस म्हणजे गटारी, त्या दिवशी पहाटे पाचला दुकान उघडतं आणि रांग कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळापर्यंत जाते. तिथे ती सभ्यपणे वळण घेऊन रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला सरकते. मग श्रावण. मामा गावी जातात, दुकान रंगवून घेतात. कुणाचा कुठला वार आहे हे त्यांना पाठ. सोमवारवाले, गुरुवारवाले, शनिवारवाले, आणि "मंगळवारी खातो पण घरात नाही"वाले. एकदा एक शेजारी गुरुवारी सहज येऊन उभे राहिले तर मामांनी त्यांना मटण तोडून द्यायच्या आधी विचारलं, "सोडला का वार?" शेजाऱ्यांचा चेहरा असा झाला की जणू दत्तगुरूंनीच विचारलंय. ते अर्धा डझन अंडी घेऊन परत गेले. अंडी का चालतात, हे मी विचारलेलं नाही.

हे सगळं वाचायला गोड वाटतं, पण ओळखीच्या दुकानात जाणं म्हणजे थोडंफार उघडं पडणंही असतं, हे सांगितलं पाहिजे. गेल्या वर्षी माझा रक्ताचा रिपोर्ट आला. त्यातले काही आकडे डॉक्टरांना आवडले नाहीत. ही बातमी मी घराबाहेर कुणालाही सांगितली नव्हती. रविवारी रांगेत माझा नंबर आला. मी नेहमीसारखं "रश्श्याचं, जरा चरबी टाका" म्हटलं.

"नाही," मामा म्हणाले.

"का?"

"वहिनी सांगून गेल्यात. भाऊ मागतील, तरी द्यायची नाही."

मागून एक आवाज आला, "कोलेस्टेरॉल का?" दुसरा म्हणाला, "माझ्या साडूचंही असंच झालं, सकाळी लसूण खायला सांगा." माझा रिपोर्ट त्या रांगेत एकाकडून दुसऱ्याकडे गेला. मामांनी बिनचरबीचे तुकडे निवडून घातले आणि वर नळी टाकली नाही. नळी! रविवारच्या रश्श्यातली नळी ताटावर ठोकून खायची आणि शेवटी ओठ लावून ओढायची, हा ज्या माणसाचा बालपणापासूनचा हक्क आहे, त्याला भर रांगेत नळी नाकारण्यात आली. मी काहीच बोललो नाही. ज्याच्या हातात सत्तूर आणि ज्याच्याकडे आपल्या बायकोचा निरोप, त्याच्याशी वाद घालू नये.

माझी पुतणी दोन वर्षं मिलानला शिकायला होती. परत आल्यावर तिला ही गोष्ट सांगितली, तर ती हसत सुटली. "काका, तिथेही मामाच होते!" तिच्या खोलीखाली एक जुनं खाटकाचं दुकान होतं, आणि पलीकडे एक अलिमेंतारी, म्हणजे त्यांच्याकडचा वाणी: चीज, पास्ता, ऑलिव्ह, पाव, साबण, सगळं एकाच दुकानात. खाटीक म्हातारा. ही इंग्रजीत सांगायची, तो इटालियनमध्ये विचारायचा, आणि विचारायचा ते हेच, याचं काय करणार? हिने एकदा पास्त्याच्या रश्श्यासाठी खिमा मागितला, तोही चरबी काढून. म्हाताऱ्याने मान हलवली. चरबीशिवाय रागू होत नाही, असं त्याने हातवारे करून आणि दुकानातल्या दोन बायकांना साक्षीला घेऊन पटवलं. हिला चरबी घालून खिमा घ्यावा लागला. मला या म्हाताऱ्याबद्दल फार आपुलकी वाटली. माझ्या नशिबी उलटा मामा आला.

इटलीतल्या खाटकांचा मान मोठाच दिसतो. तस्कनीतल्या पान्झानो गावचे दारिओ चेक्कीनी मांस तोडता तोडता दान्तेची कविता पाठ म्हणतात म्हणून जगभर प्रसिद्ध आहेत. 2001 साली 'मॅड काऊ'च्या धास्तीने फ्लोरेन्सचा तो प्रसिद्ध हाडासकटचा स्टेक विकायला बंदी आली, तेव्हा त्यांनी त्या स्टेकची चक्क अंत्ययात्रा काढली. मामांना मी हे सांगितलं. ते क्षणभर थांबले, म्हणाले, "लोक आले होते?" म्हटलं, आले होते. "मग ठीक आहे." दान्तेबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मामांना कविता पाठ नाहीत, पण गल्लीतल्या प्रत्येक घराचं भाडं, पागडी आणि पुनर्विकासात मिळालेला कार्पेट एरिया पाठ आहे, आणि सध्याच्या मुंबईत हे काव्य जास्त काळजाला भिडतं.

वाणी हा वेगळाच प्राणी. तो प्रश्न विचारत नाही, आठवण करून देतो. "साखर परवाच नेली ना?" असं शेठ म्हणतात तेव्हा त्यात चौकशी नसते, हिशोब असतो. आमच्या भागातले बहुतेक वाणी कच्छी किंवा मारवाडी. मराठी आमच्याहून चोख बोलतात आणि शिवी देताना मात्र गुजरातीत जातात. गिरगावात मराठी माणसानेही किराण्याचा धंदा केला आणि नावारूपाला आणला. व्ही. पी. बेडेकरांचं दुकान 1910 साली तिथे किराण्याचंच होतं, लोणची आणि मसाले मागाहून आले. आमच्या गिरणगावात मात्र वाण्याचं खरं भांडवल म्हणजे ती लाल वही. महिनाभर माल न्यायचा, पगार झाला की खातं मिटवायचं. वजन मेट्रिक झालं, म्हणजे 1958 पासून टप्प्याटप्प्याने, पण आई अजून शेंगदाणे पावशेर मागते आणि शेठ अडीचशे ग्रॅम देतात, दोघांचंही भांडण नाही.

या उधारीचा एक जाच होताच. ज्याचं खातं त्याच्याकडूनच घ्यायचं, भाव काय लावला ते विचारायचं नाही. त्यावरचा कामगारांचा तोडगा म्हणजे 1948 साली नायगावात सुरू झालेला अपना बाजार. आपलं दुकान, आपणच मालक, भाव पाटीवर. इटलीतही अगदी हेच झालं होतं: तोरिनोच्या कामगारांनी 1854 साली स्वतःचं धान्याचं दुकान काढलं, ते त्या देशातलं पहिलं ग्राहक सहकारी भांडार मानतात. दोन्हीकडे कामगाराला कळलं की पगारवाढीची अर्धी लढाई वाण्याच्या तराजूवर लढायची असते. पण अपना बाजारात उधारी नव्हती, आणि 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, तेव्हा चाळीतल्या बायका पुन्हा लाल वहीकडे वळल्या. आमच्या शेठच्या वडिलांनी त्या दिवसांत किती घरांना तांदूळ दिला आणि त्यातला किती परत आला, हे त्या वहीत आहे. ती वही शेठनी अजून जपून ठेवलीय, दाखवत मात्र नाहीत. कुणी विषय काढला की म्हणतात, "उधळी लागली तिला." उधळी लागलेली नाही, आम्हाला माहीत आहे.

आता लालबागची मसाला गल्ली. ही मुंबईतली एकमेव जागा असेल जिथे आपण कुठले हे सांगितल्याशिवाय खरेदी होत नाही. मार्च ते मे या महिन्यांत इथून चालताना ठसका लागतो, भाजलेल्या मिरचीचा, डोळ्यांतून पाणी आणणारा. मी तर ऋतू बदलला हे त्या ठसक्यावरूनच ओळखतो. दुकानात पोत्यांची तोंडं उघडी: रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी आणि पांडी, मधली समजूतदार संकेश्वरी, आणि फक्त दिसण्यासाठी घेतली जाणारी काश्मिरी. मागे डब्यांत दगडफूल, नाकेशर, जायपत्री, बाद्यान, शहाजिरं, मसाला वेलची, खसखस. बाई दुकानाच्या पायरीवर पाय ठेवते, तोच दुकानदार: "कुठल्या तुम्ही?"

"कोकणातल्या."

"वहिनी, कोकण केवढं मोठं. मालवण की रत्नागिरी की अलिबाग?"

उत्तर आलं की त्याचा हात यादी न बघता डब्यांत फिरायला लागतो. मालवणीला धणे आणि बडीशेप जास्त. कोळी मसाल्याचा झणझणीतपणा वेगळा, आगरी त्याचा चुलतभाऊ. घाटावरच्यांना कांदा-लसूण घातलेला. सीकेपींचा वेगळा, पाठारे प्रभूंचा त्याहून वेगळा आणि तो ते कुणाला सांगत नाहीत. ईस्ट इंडियन मंडळींचा बॉटल मसाला तर बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, उजेड लागू नये म्हणून. गिरगावच्या खोताच्या वाडीत त्यातल्या जिनसांच्या संख्येवरून दोन घरांत एकमत व्हायचं नाही, आणि तसं ते होऊही नये.

खरी मजा मिश्र विवाहांची. गेल्या उन्हाळ्यात माझ्यापुढे एक बाई होत्या. माहेर वेंगुर्ला, सासर कोल्हापूर, नवरा पुण्याला नोकरीत, सासूबाई बरोबरच उभ्या. "कुठल्या?" या प्रश्नावर सून "मालवणी" आणि सासू "कोल्हापूर" एकदमच म्हणाल्या. दुकानदाराने हे रोज ऐकलेलं असावं. त्याने पापणीही न हलवता विचारलं, "खाणार कोण?" दोघी गप्प. मग तो म्हणाला, "एक किलो माहेरचा, एक किलो सासरचा. वेगवेगळा कांडा. बरण्यांना चिठ्ठ्या लावा." पोलिसांच्या भरोसा सेलला ज्याला महिने लागतात ते त्याने हिंग मोजता मोजता केलं.

कांडपाला मात्र शेवटपर्यंत बसायचं. लोखंडी मुसळं वरखाली होत असतात, आणि प्रत्येक बाई स्टुलावर बसून आपल्या मिरचीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवते. शंका एकच: आधीच्या बाईचा मसाला उखळात उरला तर आपल्यात मिसळेल. म्हणून पहिली मूठ कुणाची जाते यावर बारीक कुरबूर चालूच असते. माझी आई पहिली मूठ स्वतः वेगळ्या कागदात काढून घेत असे आणि ती शेजारणींना वाटत असे. शेजारणी फार कौतुक करत.

लालबागच्या राजाची गोष्टही याच बाजाराची आहे, हे दर्शनाच्या रांगेत दिवस दिवस उभं राहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? पेरू चाळीतला बाजार 1932 साली बंद झाला. कोळी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस बोलला, जागा मिळाली, आणि 1934 साली तिथे मूर्ती बसली, तीही कोळ्याच्या वेशात. म्हणजे मुंबईतला सगळ्यात मोठा नवस मुळात एका गाळ्यासाठी होता. सध्या दुकानाचं भाडं बघता तो नवस अजून चालू असणार.

घरपोच मटण देणारी ॲप्स आता आमच्या फोनवरही आहेत, पुतणीनेच टाकून दिली. खोटं कशाला बोला, वजन चोख असतं, डबा स्वच्छ, माल ताजा. "करी कट" म्हणून एक चित्र दाबलं की काम झालं. काय करणार असं कुणी विचारत नाही, डॉक्टर काय म्हणाले तेही नाही. पहिल्यांदा मागवलं तेव्हा मला फार मोकळं वाटलं. त्यात नळीही होती! पण ती कुणी मुद्दाम टाकली नव्हती, आपोआप आली होती, आणि आपोआप आलेल्या नळीत ती गंमत नाही.

याच पुतणीने गेल्या महिन्यात जाहीर केलं की ती घरी ओस्सोबुको करणार. मिलानचा खास पदार्थ: वासराच्या पायाची नळी आडवी कापलेली, मांसासकट, वाइनमध्ये मंद शिजवायची, वर लिंबाची साल, लसूण आणि कोथिंबिरीसारखी एक पाला-भाजी बारीक चिरून. आमच्याकडे अर्थातच बकऱ्याची. ती माझ्याबरोबर दुकानात आली आणि मोबाइलवरचा फोटो मामांपुढे धरला. मामांनी हात पुसले, चष्मा काढून पुन्हा लावला आणि बराच वेळ बघितलं. रांग थांबली. रांगेतले दोघे-तिघे पुढे वाकले.

"ही आडवी कापलीय," मामा म्हणाले. "सत्तूरने नाही झाली ही. करवत आहे. सत्तूरने केली तर हाडाचा चुरा होईल, मटणात कचकच लागेल."

"मग नाही होणार का, मामा?"

"असं कुठे म्हटलं? काय करणार याचं, ते सांग."

तिने सगळं सांगितलं, भाताचंही. केशर घालून तांदूळ ढवळत ढवळत शिजवायचा. रांगेतल्या एका आजींनी "म्हणजे आसट भातच की," असा निकाल दिला आणि तो सर्वांना पटला. मामा म्हणाले, बकऱ्याची नळी बारीक, माणशी दोन तरी लागतील, आणि मटण तिच्याभोवती राहील असं वरच्या अंगाने कापतो. बुधवारी ये. त्या बुधवारी मामांनी दुकानासमोरच्या हार्डवेअरवाल्याकडून नवीन बारीक पात्याची करवत आणली होती, गरम पाण्याने धुऊन ठेवली होती, आणि नळ्या कापताना पहिल्यांदाच ते ओंडक्याकडे बघत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊंच्या वाटणीची एकच. वहिनींना विचारलंय."

जेवणात मला ती एक मिळाली. मिलानला मज्जा काढायला म्हणे लांब बारीक चमचा देतात, आमच्याकडे आईने पहिलाच तुकडा ताटावर ठोकला आणि पुतणी "आजी, अगं!" म्हणेपर्यंत काम संपलं होतं. चव वेगळी, सौम्य, लिंबाची. आई म्हणाली, "छान आहे," आणि लालबागच्या मसाल्याची बरणी हळूच ताटाजवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी पुतणीने उरलेलं थोडं स्टीलच्या त्याच डब्यात भरून मामांकडे नेलं. दुकानात गर्दी नव्हती. मामांनी हात धुतले, बोटाने तुकडा मोडला, रस्सा चाखला, वरचा हिरवा पाला बाजूला सारून पुन्हा चाखला. पुतणी परीक्षेच्या निकालाला उभी असल्यासारखी त्यांच्याकडे बघत होती.

"मटण चांगलं आहे," मामा म्हणाले, आणि डबा परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. "हां वहिनी, किती?"